बिल्डरूटने स्वतःची लिनक्स इमेज: रास्पबेरी पाय ४ वरचा मीटर गेटवे, रिकाम्या फोल्डरपासून कारखान्यात बसवेपर्यंत

कारखान्यातल्या वीजमीटरची रीडिंग दर मिनिटाला वाचून सर्व्हरकडे पाठवणारा एक छोटा डबा बनवायचा आहे असं धरू. मीटर आरएस-४८५ च्या तारेवर (एक सिरियल जोडणी) मॉडबस (मीटरसारख्या उपकरणांची भाषा) बोलतो, डब्यात रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा संगणक आहे आणि डेटा एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायची पद्धत) जातो. पहिला नमुना बहुतेक जण सारख्याच पद्धतीने करतात: रास्पबेरी पाय ओएसचं कार्ड, त्यात एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) शिरून घातलेली चार पॅकेजं, एक पायथन स्क्रिप्ट आणि इकडेतिकडे हाताने केलेले बदल. डेमो झकास होतो. मग गिऱ्हाईक पन्नास डबे मागतं, आणि त्या कार्डाच्या नकला काढायला सुरुवात होते. पुढे कधीतरी एक पॅकेज बदलायची वेळ येते तेव्हा मूळ कार्डावर नेमकं काय काय केलं होतं हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे इमेज सोर्सपासून बांधणारी बिल्ड सिस्टिम. बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा), लायब्रऱ्या, आपला प्रोग्राम आणि सेटिंगच्या फायली या सगळ्यांची कृती एका गिट रेपोत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या फोल्डरात) ठेवायची, आणि एका कमांडने कार्डावर टाकायची तयार इमेज बाहेर काढायची. या लेखात एक नियम शेवटपर्यंत पाळला आहे: बोर्डावर हाताने केलेला बदल हा केलेला बदल नाही. प्रयोग म्हणून करा, पण तो रेपोत उतरेपर्यंत धरू नका.

एक खुलासा. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

बिल्डरूट की योक्टो

अशा बिल्ड सिस्टिममध्ये बिल्डरूट आणि योक्टो ही दोन मोठी नावं. यांतलं कोणतं घ्यायचं हा वाद चहाच्या टपरीवर तासभर चालू शकतो, म्हणून थोडक्यात. बिल्डरूट २००१ च्या सुमारास यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीच्या मंडळींनी सुरू केला. तो मेकफाइल (काय कोणत्या क्रमाने बांधायचं ते सांगणारी फाइल) आणि केकॉन्फिग (पर्याय निवडायची यंत्रणा) यांवर चालतो, म्हणजे कर्नल कॉन्फिगर करताना दिसतो तोच निळा मेनू. बाहेर पडते ती एक आख्खी इमेज. बोर्डावर पॅकेज मॅनेजर नसतो. योक्टो प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केला. तो ओपनएम्बेडेडवर उभा आहे, बिटबेक नावाचं इंजिन वापरतो, आणि त्यात रेसिपी (एक पॅकेज बांधायची कृती), लेयर (रेसिपींचा गठ्ठा), मशीन, डिस्ट्रो अशा कल्पना आधी पचवाव्या लागतात.

माझं मत असं: एक-दोन बोर्ड, एक उत्पादन आणि दोन-तीन माणसांची टीम असेल तर बिल्डरूट घ्या. चार वेगवेगळे प्रोसेसर, त्यावर सात उत्पादनं आणि वेगवेगळ्या टीम असतील तर योक्टोचा सुरुवातीचा त्रास वसूल होतो. एकदा बांधलेले तुकडे स्टेट कॅशमधून पुन्हा वापरता येतात ही त्याची मोठी ताकद. एनएक्सपी, टीआय, एसटी यांसारख्या चिप कंपन्या आपला सपोर्ट मुख्यतः योक्टोच्या लेयरमधून देतात हेही ध्यानात घ्या. नोकरीच्या जाहिरातीत योक्टो लिहिलेलं असतं म्हणून पहिल्याच उत्पादनाला योक्टो लावणं मात्र महागात पडतं.

आपला मीटर गेटवे सरळ बिल्डरूटचं गिऱ्हाईक आहे.

बिल्डचं मशीन

उबुंटू किंवा डेबियन असलेलं कोणतंही ठीकठाक मशीन चालेल. २५ जीबी जागा मोकळी ठेवा (योक्टोला १०० जीबीच्या वर लागली असती). रॅम ८ जीबी असेल तर निभावतं, पण मोठी सी++ पॅकेजं घेतलीत तर १६ बरी.

बिल्ड-इसेन्शियल, गिट, बीसी, सीपीआयओ, आरसिंक, अनझिप, फाइल, विगेट आणि मेनूसाठी एनकर्सेसची डेव्हलपमेंट लायब्ररी एवढं आधी घालून घ्या. यानंतर संपूर्ण काम साध्या युजरने करायचं. सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरने, बिल्ड चालवू नका. एखाद्या पॅकेजची इन्स्टॉल पायरी चुकून तुमच्याच मशीनच्या सिस्टिम फोल्डरात लिहू लागली तर साध्या युजरला परवानगीची एरर येते, रूटला काहीच येत नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) काम करणाऱ्यांना इथे दोन खड्डे आहेत. पहिला: डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) लिनक्सच्या पाथला जोडतं, त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’सारखी स्पेस असलेली नावं येतात, आणि पाथमध्ये स्पेस दिसताच बिल्डरूट काम सुरू करायलाच नकार देतो. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये इंटरॉप विभागात अपेंड-विंडोज-पाथ बंद करा आणि डब्ल्यूएसएल पुन्हा सुरू करा. दुसरा: सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा. सी ड्राइव्हवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी खूण) आणि वेग या तिन्ही बाबतीत डोकेदुखी होते.

बिल्डरूट आणायचा, पण त्याला हात लावायचा नाही

बिल्डरूटची आवृत्ती वर्षातून चारदा निघते: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. यातली फेब्रुवारीची आवृत्ती दीर्घ सपोर्टची असते. २०२५.०२ पासून हा सपोर्ट तीन वर्षांचा केला आहे, त्यामुळे उत्पादनासाठी तीच घ्या. गिटने क्लोन करून २०२५.०२.एक्स ही ब्रँच चेकआउट करा. या ब्रँचवर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, आवृत्त्यांच्या मोठ्या उड्या येत नाहीत.

आता तीन शेजारी-शेजारी फोल्डर हवीत: बिल्डरूट, मीटर-ट्री आणि आउटपुट. बिल्डरूटच्या फोल्डरात एकही फाइल बदलायची नाही. तुमचं म्हणून जे काही असेल ते मीटर-ट्रीमध्ये जाईल, आणि आउटपुट केव्हाही पुसता आलं पाहिजे. नवखे लोक बिल्डरूटच्या आतच बोर्डाचं फोल्डर बनवतात. तेही चालतं, फक्त पुढच्या वर्षी आवृत्ती वाढवताना मर्ज करता करता रात्र होते.

मीटर-ट्री हे बिल्डरूटच्या भाषेत एक्स्टर्नल ट्री. त्यात तीन फायली असायलाच हव्यात: एक्स्टर्नल.डेस्क, कॉन्फिग.इन आणि एक्स्टर्नल.एमके. पहिल्या फाइलमध्ये ‘नेम: मीटर’ अशी ओळ (अर्थात कॅपिटल अक्षरांत मीटर) आणि खाली एका ओळीचं वर्णन. बाकीच्या दोन सध्या रिकाम्या ठेवा. या नावावरून बीआर२_एक्स्टर्नल_मीटर_पाथ हे व्हेरिएबल आपोआप तयार होतं; पुढे प्रत्येक ठिकाणी पाथ द्यायचा तो याच्या आधाराने. स्वतःच्या होम फोल्डरचा पूर्ण पाथ लिहिलात तर शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर बिल्ड मोडेल.

बिल्डरूटच्या फोल्डरातून पहिली कमांड:

मेक ओ=../आउटपुट बीआर२_एक्स्टर्नल=../मीटर-ट्री रास्पबेरीपाय४_६४_डेफकॉन्फिग

‘ओ’ हे कॅपिटल अक्षर आहे, शून्य नव्हे. शेवटचं नाव डेफकॉन्फिगचं, म्हणजे त्या बोर्डासाठी आधीच निवडून ठेवलेल्या पर्यायांच्या फाइलचं. ही कमांड एकदा चालली की आउटपुट फोल्डरात एक छोटी मेकफाइल तयार होते आणि एक्स्टर्नल ट्रीचा पत्ता तिथे लक्षात राहतो. यापुढे आउटपुट फोल्डरात जाऊन नुसतं मेक म्हटलं की पुरे.

आधी काहीही न बदलता बूट करा

मेनू उघडून पॅकेजं निवडायचा मोह आवरा. कोरी डेफकॉन्फिग आहे तशी बांधून बोर्ड सुरू होतो का ते पाहा. नाहीतर पडदा काळा राहिला तर दोष कार्डाचा, केबलचा, कर्नलचा की तुम्ही केलेल्या बदलांचा, हे शोधत बसाल.

आउटपुटमध्ये मेक चालवा. वर जे-८ वगैरे लावायची गरज नाही. प्रत्येक पॅकेज आतून किती कोअरवर बांधायचं हे बिल्डरूट स्वतः ठरवतो. मशीन आणि इंटरनेट यांवर अवलंबून अर्ध्या तासापासून दीड-दोन तासांपर्यंत वेळ जाईल. त्यातला मोठा वाटा टूलचेनचा, म्हणजे तुमच्या इंटेल मशीनवर चालून एआरएमसाठी कोड बनवणाऱ्या जीसीसीचा. मेनूतल्या टूलचेन विभागात एक्स्टर्नल टूलचेन निवडून बूटलिन या कंपनीने तयार करून ठेवलेली टूलचेन घेतली तर हा वेळ वाचतो. सी लायब्ररी जीलिबसी ठेवा. मसल आणि यूसीलिबसी-एनजी आकाराने लहान आहेत, पण पाय ४ वर एक जीबी आणि त्याहून जास्त रॅम असताना काही एमबी वाचवून हाती फारसं लागत नाही. शिवाय एखाद्या पुरवठादाराने फक्त बायनरी लायब्ररी दिली, तर ती बहुधा जीलिबसीवरच चालणारी असते.

बिल्ड संपला की आउटपुटमधल्या इमेजेस फोल्डरात एसडीकार्ड.आयएमजी मिळेल. बाजूला टार्गेट नावाचं फोल्डर दिसेल, ते हुबेहूब बोर्डाच्या फाइलसिस्टिमसारखं दिसतं आणि ते कार्डावर कॉपी करायचा मोह होतो. म्हणूनच बिल्डरूटवाल्यांनी त्यात ‘ही तुमची रूट फाइलसिस्टिम नाही’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाची फाइल ठेवली आहे. तिथे फायलींची मालकी आणि परवानग्या बरोबर नसतात. त्या शेवटी इमेज बनवताना फेकरूटच्या (आपण रूट आहोत असं भासवणाऱ्या साधनाच्या) आत लावल्या जातात.

कार्ड लावायच्या आधी आणि नंतर एलएसबीएलके (डिस्कांची यादी देणारी कमांड) चालवून नवीन दिसणारं डिव्हाइस कोणतं ते नक्की करा, त्याची माउंट झालेली पार्टिशनं अनमाउंट करा आणि डीडी या कमांडने इमेज लिहा: बीएस=४एम, कॉन्व्ह=एफसिंक. डिव्हाइसचं नाव चुकलं तर डीडी काहीही न विचारता लॅपटॉपची डिस्क पुसेल. एंटर दाबण्यापूर्वी ती ओळ मोठ्याने वाचा, लाज वाटू देऊ नका.

एचडीएमआय जोडता येतं, पण यूएसबी-टीटीएल केबल घेऊन सिरियल कन्सोलची (तारेवरून लॅपटॉपवर दिसणाऱ्या टर्मिनलची) सवय लावा. कारखान्यातल्या डब्याला पडदा नसतो. केबल ३.३ व्होल्टची हवी. ५ व्होल्टचा सिग्नल पायच्या पिना जाळू शकतो. ग्राउंड पिन ६ ला, पायचा ट्रान्समिट म्हणजे पिन ८ केबलच्या रिसीव्हला, आणि पिन १० केबलच्या ट्रान्समिटला. केबलची लाल ५ व्होल्टची तार मोकळीच सोडा, बोर्डाला वीज त्याच्या यूएसबी-सी मधून द्या. लॅपटॉपवर पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्राम १,१५,२०० बॉडच्या वेगावर लावा. कर्नलच्या ओळी धावतील आणि शेवटी लॉगिन येईल: युजर रूट, पासवर्ड काही नाही.

बोर्डावर दिवा लागला पण कन्सोलवर एकही ओळ नाही? मग ट्रान्समिट-रिसीव्ह उलट जोडून पाहा. दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

आपली डेफकॉन्फिग

मूळ डेफकॉन्फिग बूट होते हे दिसलं की तिची आपली प्रत काढा. मेक मेन्यूकॉन्फिगने बदल करा आणि मग

मेक सेव्हडेफकॉन्फिग बीआर२_डेफकॉन्फिग=../मीटर-ट्री/कॉन्फिग्स/मीटर_डेफकॉन्फिग

हे चालवा. आउटपुटमधली डॉट-कॉन्फिग फाइल हजारो ओळींची असते. सेव्हडेफकॉन्फिग त्यातल्या फक्त मुळापासून वेगळ्या अशा काही ओळी काढून देतं. गिटमध्ये जाते ती ही छोटी फाइल. मेनूत बदल करून सेव्हडेफकॉन्फिग न करणं ही या कामातली सगळ्यात सर्रास चूक: बिल्ड तुमच्या मशीनवर चालतो, रेपोत काहीच पोचलेलं नसतं.

मेनूतल्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये होस्टनेम आणि रूट पासवर्ड द्या. पासवर्ड साधा लिहिलात तर डेफकॉन्फिगमधून तो गिटमध्ये उघडा जातो. त्याऐवजी हॅश करून द्या. पासवर्ड रिकामा ठेवला तर ड्रॉपबेअर किंवा ओपनएसएसएच (दोन्ही एसएसएचचे सर्व्हर) बाहेरून आत घेणार नाही, आणि नेटवर्क बिघडलंय असं वाटून तुम्ही भलतीकडेच शोधाल.

इनिट सिस्टिम (बूटनंतर बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी) बिझीबॉक्स या छोट्या संचातलीच ठेवा. सिस्टिमडी या मोठ्या इनिटला माझा विरोध नाही. दहा सेवा एकमेकींवर अवलंबून असतील तर तेच बरं. इथे आपली एकच सेवा आहे.

पॅकेजं: लिबमॉडबस (मॉडबससाठी), मॉस्किटो (एमक्यूटीटीसाठी), ड्रॉपबेअर, सीए-सर्टिफिकेट्स (सर्व्हरची ओळख पटवायला) आणि क्रोनी (वेळ लावायला). शेवटची दोन का, तर पाय ४ वर वीज गेल्यावर चालू राहणारं घड्याळ नाही. बोर्ड उठतो तो १९७० सालात, आणि त्या तारखेला सर्व्हरचं टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणारं) प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, त्यामुळे एमक्यूटीटीचं कनेक्शन नाकारलं जातं. ऑफिसात ही अडचण पटकन सापडत नाही, कारण टेबलावर वेळ लगेच नेटवरून येते. ज्या कारखान्याचं फायरवॉल एनटीपी (नेटवरून वेळ घ्यायची पद्धत) अडवतं तिथे ती उभी राहते. तिथल्या आयटीवाल्यांकडून त्यांच्या आतल्या वेळ-सर्व्हरचा पत्ता घ्या, नाहीतर डब्यात शंभर-दीडशे रुपयांचं आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं घड्याळ) टाका.

यूएसबी कन्व्हर्टर लावला, पण पोर्ट दिसत नाही

या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येकजण अडतो, म्हणून जरा थांबून पाहू.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी-आरएस४८५ कन्व्हर्टरमध्ये बहुधा सीएच३४० चिप असते. रास्पबेरी पाय ओएसवर तो खोचला की टीटीवाययूएसबी० हे पोर्ट लगेच हजर. तुमच्या इमेजवर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) यूएसबी डिव्हाइस सापडल्याची ओळ येते, पण पोर्ट येत नाही. ड्रायव्हर तर मॉड्यूल म्हणून (कर्नलमध्ये गरजेनुसार चढणारा तुकडा) बांधलेला आहे. मग?

मॉड्यूल आपोआप लोड होणं हे कर्नलचं एकट्याचं काम नाही. नवीन डिव्हाइस आल्याची बातमी कर्नल देतो. ती ऐकून मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी कमांड) चालवायला युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, कोणीतरी लागतं. मोठ्या डिस्ट्रोत ते काम यूडेव्ह करतो. बिल्डरूटमध्ये डिव्हाइस व्यवस्थापनासाठी ‘फक्त डेवटीएमपीएफएस’ (कर्नलने स्वतः डिव्हाइसच्या फायली बनवणं) निवडलेलं असेल तर ऐकायला कोणीच बसलेलं नसतं.

दोन मार्ग आहेत. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये डेवटीएमपीएफएससोबत एमडेव्ह (यूडेव्हचा छोटा पर्याय) किंवा यूडेव्ह निवडा. किंवा, तुमच्या डब्यात कायम हाच कन्व्हर्टर असणार हे ठरलेलं असेल, तर ड्रायव्हर कर्नलमध्येच पक्का बांधा. मी दुसरा मार्ग घेतो, हलणारे भाग तेवढेच कमी. मीटर-ट्रीमध्ये बोर्ड फोल्डराखाली लिनक्स.फ्रॅगमेंट नावाची फाइल करा आणि त्यात कॉन्फिग_यूएसबी_सिरियल=वाय आणि कॉन्फिग_यूएसबी_सिरियल_सीएच३४१=वाय या दोन ओळी लिहा. पहिली ओळ विसरलात तर दुसरी गुपचूप पुन्हा मॉड्यूल होते, कारण जी गोष्ट स्वतः मॉड्यूल आहे तिच्यावर अवलंबून असलेली गोष्ट कर्नलमध्ये पक्की बसू शकत नाही. मग कर्नल विभागात अतिरिक्त फ्रॅगमेंट फायलींच्या जागी हिचा पाथ द्या. सगळी कर्नल कॉन्फिग कॉपी करून ठेवण्यापेक्षा हे फार बरं. दोन ओळी वाचून कोणालाही कळतं की मुळापेक्षा वेगळं काय केलंय.

दोन कन्व्हर्टर लावायचे असतील तर टीटीवाययूएसबी० आणि १ यांच्या क्रमावर विसंबू नका. तिथे यूडेव्हचा नियम लिहून कोणत्या यूएसबी खाचेला कोणतं नाव हे ठरवावं लागतं, आणि मग पहिला मार्ग घेणं भाग आहे.

स्वतःचा प्रोग्राम पॅकेज म्हणून

मीटर वाचणारा सी प्रोग्राम लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करून (बोर्डाच्या प्रोसेसरसाठी बांधून) एससीपीने नेटवर्कवरून टाकणं प्रयोगापुरतं ठीक. इमेजमध्ये तो पॅकेज म्हणून आला पाहिजे.

मीटर-ट्रीमधल्या पॅकेज फोल्डराखाली मीटर-वाचक असं फोल्डर करा आणि त्यात दोन फायली. कॉन्फिग.इनमध्ये मेनूतला पर्याय: नाव, वर्णन, आणि सिलेक्ट शब्दाने लिबमॉडबस व मॉस्किटो. दुसरी मीटर-वाचक.एमके, तिच्यात आवृत्ती, सोर्सची जागा, साइट-मेथड लोकल (सोर्स याच मशीनवर आहे), डिपेंडन्सीज आणि शेवटी ईव्हॅलच्या ओळीत सीमेक-पॅकेज (सीमेक या साधनाने बांधायचं). व्हेरिएबलच्या नावात पॅकेजचं नाव कॅपिटलमध्ये आणि हायफनच्या जागी अंडरस्कोअर येतो. एक अक्षर चुकलं तर एरर न येता ते व्हेरिएबल नुसतं दुर्लक्षिलं जातं.

लिबमॉडबसचं नाव दोन्ही फायलींत का लिहायचं असा प्रश्न पडतो. कॉन्फिग.इनमधलं सिलेक्ट फक्त मेनूत ते पॅकेज चालू करतं. कोण आधी बांधायचं हा क्रम ठरतो एमकेमधल्या डिपेंडन्सीजवरून. एक लिहून दुसरं विसरलात तर बिल्ड कधी चालतो, कधी हेडर फाइल सापडत नाही म्हणून पडतो, आणि असली कधीमधी येणारी एरर सगळ्यात जास्त छळते. आणखी एक: सिलेक्ट केलेल्या पॅकेजच्या स्वतःच्या अटी सिलेक्ट तपासत नाही. त्याच्या कॉन्फिग.इनमध्ये डिपेंड्स-ऑनच्या ज्या ओळी असतील त्या तुमच्या फाइलमध्येही उतरवून घ्या.

आता आधी रिकाम्या ठेवलेल्या दोन फायली भरा. मीटर-ट्रीच्या मुख्य कॉन्फिग.इनमध्ये पॅकेजच्या कॉन्फिग.इनला सोर्स करणारी ओळ, आणि एक्स्टर्नल.एमकेमध्ये पॅकेजखालच्या सगळ्या एमके फायली इन्क्लूड करणारी ओळ.

कोड बदलल्यावर नुसतं मेक चालवलं तर काहीच होत नाही, कारण बिल्डरूटच्या हिशेबी ते पॅकेज बांधून झालेलं आहे. ‘मेक मीटर-वाचक-रिबिल्ड ऑल’ म्हणावं लागतं. लोकल पद्धत असल्यामुळे तो सोर्स पुन्हा सिंक करतो, बांधतो आणि इमेजही नवी करतो.

ओव्हरले, सुरुवातीची स्क्रिप्ट आणि परवानग्या

सेटिंगच्या फायलींसाठी ओव्हरले. बोर्ड फोल्डराखाली रूटएफएस-ओव्हरले करा. त्यात ईटीसी/मॉस्किटो वगैरे जसं ठेवाल तसं ते फाइलसिस्टिमवर शेवटी चढतं. ओव्हरलेनंतर पोस्ट-बिल्ड स्क्रिप्ट चालते. तिच्यात बिल्डची तारीख आणि गिटचा कमिट क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवा. दोन वर्षांनी फोनवर ‘तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे.

बिझीबॉक्स इनिट हा ईटीसी/इनिट.डी मधल्या ‘एस’ आणि दोन अंकांनी सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट क्रमाने चालवतो. एस८०मीटर अशी स्क्रिप्ट लिहून प्रोग्राम सुरू करता येतो, पण तो मधेच कोसळला तर पुन्हा उठवणारं कोणी नाही. त्यामुळे माझी पसंती इनिटटॅब फाइलमधल्या रिस्पॉनच्या ओळीला: प्रोग्राम फोरग्राउंडमध्ये चालवायचा, मेला की इनिट तो परत उभा करतो. त्यावर पायचा हार्डवेअर वॉचडॉग लावला की कर्नल अडकला तरी बोर्ड स्वतःहून रीस्टार्ट होतो.

गिट फाइलच्या परवानग्यांपैकी फक्त एक्झिक्यूट बिट जपतं. एसएसएचची ऑथराइज्ड-कीज फाइल ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) हवी, सेवेसाठी वेगळा युजर हवा, अशा गोष्टी परमिशन टेबल आणि युजर टेबल या दोन मजकूर फायलींमधून द्या. पोस्ट-बिल्डमध्ये सीएचओन (फाइलचा मालक बदलायची कमांड) लिहून उपयोग नाही. बिल्ड साध्या युजरने चाललेला असतो.

वीज जाणारच आहे हे धरून

कारखान्यात वीज जाते, कोणीतरी प्लग उपटतो, संध्याकाळी मेन स्विच बंद होतो. लिहिता लिहिता वीज गेली की ईएक्सटी४ चं जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) फाइलसिस्टिम बऱ्यापैकी सांभाळतं, पण स्वस्त एसडी कार्ड आतल्या आत काय घोळ घालेल याची खात्री नाही. यावर एकच ठोस उत्तर: रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यासाठी, आणि लिखाण सगळं वेगळ्या डेटा पार्टिशनवर.

सिस्टिम कॉन्फिगरेशनमधला ‘बूटच्या वेळी रूट रीड-राइट करा’ हा पर्याय बंद करा. मग पायसाठी बिल्डरूटमध्ये असलेली जेनइमेजची (पार्टिशनं जोडून कार्डाची इमेज बनवणाऱ्या साधनाची) कॉन्फिग आणि पोस्ट-इमेज स्क्रिप्ट आपल्या ट्रीमध्ये कॉपी करा, बूट आणि रूटनंतर डेटा नावाचं तिसरं पार्टिशन २५६ एमबीचं जोडा, आणि मेनूत पोस्ट-इमेज स्क्रिप्टचा पाथ आपल्या प्रतीकडे वळवा. ईटीसी/एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती फाइल) ओव्हरलेमधून द्या.

रीड-ओन्ली केल्यावर दोन गोष्टी नक्की बोचतील. बिल्डरूटच्या साध्या सांगाड्यात व्हार/लॉग हे टीएमपीला जोडलेलं सिमलिंक असतं, म्हणजे लॉग रॅममध्ये राहतात आणि रीबूटला जातात. कार्डाच्या आयुष्यासाठी ते चांगलंच. महत्त्वाच्या तेवढ्याच ओळी डेटावर किंवा सर्व्हरवर पाठवा. दुसरं, ड्रॉपबेअरची होस्ट-की (डब्याची ओळख पटवणारी चावी) दर बूटला नवी तयार होते आणि तुमचा लॅपटॉप दर वेळी ‘की बदलली आहे, सावध’ म्हणून ओरडतो. ईटीसी/ड्रॉपबेअर हे सिमलिंक ओव्हरलेमधून डेटा पार्टिशनवरच्या फोल्डराकडे वळवा. की इमेजमध्येच घालण्याचा शॉर्टकट घेऊ नका. पन्नास डब्यांची ओळख एकच होईल.

इमेज बनताना फाइलसिस्टिमचा आकार वाढवा अशी एरर आली तर घाबरू नका, पायच्या डेफकॉन्फिगमध्ये रूटचा आकार ठरावीक असतो. फाइलसिस्टिम इमेजेस विभागात तो वाढवा. वाढवण्याआधी ‘मेक ग्राफ-साइझ’ चालवून जागा कोणी खाल्ली ते मात्र पाहा. पायथन सहज म्हणून टाकलेला असतो, तो त्या चित्रात लगेच दिसतो.

केव्हा सगळं पुसायचं

कॉन्फिग बदलल्यावर काय काय पुन्हा बांधायला हवं हे बिल्डरूट शोधत नाही. हे जाणूनबुजून साधं ठेवलेलं आहे. नवं पॅकेज जोडलं तर नुसतं मेक बहुधा पुरतं. पॅकेज काढलं तर त्याच्या फायली टार्गेट फोल्डरात तशाच राहतात. आधीच बांधलेल्या लायब्ररीचा एखादा पर्याय बदलला तर तिला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांना हाताने डिरक्लीन करावं, म्हणजे बांधलेलं पुसावं लागतं. टूलचेन, सी लायब्ररी किंवा प्रोसेसरचा प्रकार बदलला तर मेक क्लीन, दुसरा मार्ग नाही. शंका आली तर पुसा आणि जेवायला जा. डाउनलोडचं फोल्डर आणि सीकॅश (आधी कंपाइल केलेल्या तुकड्यांचा साठा) आउटपुटच्या बाहेर ठेवले असतील तर दुसरा पूर्ण बिल्ड बराच लवकर होतो.

गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी

‘मेक लीगल-इन्फो’ चालवा. इमेजमधल्या प्रत्येक पॅकेजचा परवाना, सोर्स आणि यादी एका फोल्डरात जमा होते. जीपीएल या खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर विकताना सोर्स देण्याची जबाबदारी यातून बरीचशी निभावते. तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामला एमके फाइलमध्ये प्रोप्रायटरी परवाना आणि रीडिस्ट्रिब्यूट नो लिहायला विसरू नका, नाहीतर त्याचा सोर्सही त्या गाठोड्यात जाईल. ‘मेक पीकेजी-स्टॅट्स’ ठाऊक असलेल्या सुरक्षा-त्रुटींची यादी पॅकेजनिहाय देतं. डबे युरोपात जाणार असतील तर हे ऐच्छिक राहत नाही: तिथला सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला, त्रुटी कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी त्यात मागितली आहे.

अपडेटचा विचारही आत्ताच करा, पार्टिशनं ठरवतानाच. बोर्डावर पॅकेज मॅनेजर नाही, म्हणजे अपडेट म्हणजे पूर्ण नवी रूट इमेज. त्यासाठी रूटची दोन पार्टिशनं ठेवायची: चालू असलेल्याला न दुखवता दुसऱ्यावर नवी इमेज लिहायची, तिथून बूट करून पाहायचं, जमलं नाही तर परत पहिल्यावर. आरएयूसी आणि एसडब्ल्यूअपडेट ही दोन्ही साधनं बिल्डरूटच्या मेनूत आहेत. कार्डं शेतात-कारखान्यात पोचल्यावर पार्टिशनं बदलायची म्हणजे माणूस पाठवायचा, म्हणून अपडेट यंत्रणा पहिल्या खेपेत नसली तरी दुसऱ्या रूटची जागा पहिल्याच खेपेत राखून ठेवा.

शेवटची तपासणी दुसऱ्याच्या मशीनवर करा. बिल्डरूट आणि मीटर-ट्री नव्याने क्लोन, मीटर_डेफकॉन्फिग, मेक. ज्याने हे काम केलेलं नाही अशा सहकाऱ्याने फक्त रीडमी वाचून हे करायचं, तुम्ही खुर्ची मागे ओढून गप्प बसायचं. इमेज तयार झाली आणि मीटर वाचला गेला तर ‘मेक सोर्स’ चालवून सगळे टारबॉल (सोर्सची गाठोडी) उतरवून घ्या आणि ते डाउनलोड फोल्डर कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. एखाद्या प्रकल्पाची वेबसाइट बंद पडली तरी बिल्डरूटचा बॅकअप सर्व्हर बहुतेक टारबॉल देतो, पण इंटरनेटच बंद असलेल्या दिवशी किंवा पाच वर्षांनी जुनी आवृत्ती बांधायची झाली तर प्रायमरी-साइटच्या पर्यायात आपल्याच सर्व्हरचा पत्ता असलेला बरा.